आधी हात आवरायचा

रायपूरच्या चौबे कॉलोनीतल्या माझ्या दुकानात लॅपटॉप घेऊन येणाऱ्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. मराठी घरातलं कुणी आलं तर, "दादा, हँग झाला आणि आता चालूच होत नाही." बाकीचे बहुतेक जण हिंदीत सांगतात, आणि आसपासच्या गावातून आलेला एखादा मुलगा म्हणतो, "भैया, चालूच नइ होवत हे." वाक्य एकच, पण त्यात पाच वेगवेगळे बिघाड दडलेले असतात. बटण दाबल्यावर दिवासुद्धा लागत नाही, हा पहिला. दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळाच, हा दुसरा. कंपनीचा लोगो येतो आणि तिथेच अडकतो, हा तिसरा. विंडोजचं चक्र फिरत राहतं आणि पुढे काही होत नाही, हा चौथा. आणि सगळं नीट सुरू होऊन थोड्या वेळाने थिजतं, हा पाचवा. पाचांची मुळं वेगळी, उपाय वेगळे, खर्चही वेगळा.

या कामात वर्षं घालवल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. दुरुस्ती करणाऱ्याचं खरं कसब हात चालवण्यात जितकं आहे, त्याहून जास्त हात आवरण्यात आहे. बंद पडलेलं यंत्र समोर आलं की काहीतरी करून पाहावंसं वाटतं: बटण पुन्हा पुन्हा दाबावं, विंडोज नव्याने टाकावं, एखादा भाग बदलून बघावा. यातल्या काही गोष्टी परत फिरवता येतात, काही येत नाहीत. परत फिरवता येणाऱ्या आधी करायच्या, न फिरवता येणाऱ्या अगदी शेवटी. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. रॅम आणि डिस्क एकदम बदलली आणि लॅपटॉप चालू झाला, तर तो चालू झाला एवढंच कळतं. दोष कशात होता ते कधीच कळत नाही, आणि ग्राहकाला न बिघडलेल्या भागाचेही पैसे मोजावे लागतात.

म्हणून स्क्रू ड्रायव्हरच्या आधी प्रश्न. शेवटचा नीट कधी चालला? त्यानंतर काय घडलं? वीज गेली होती का, काही सांडलं का, खाली पडला का, अपडेट सुरू होतं का? जूनमधल्या पहिल्या वादळी पावसानंतर आलेला लॅपटॉप आणि परीक्षेच्या दिवसांत चहा सांडून आलेला लॅपटॉप, दोन्ही 'डेड'च असतात. पण पहिल्यात मी चार्जर आणि चार्जिंगचं सॉकेट आधी तपासतो, दुसऱ्यात बॅटरी आधी वेगळी करतो, कारण ओल्या बोर्डात वीज जितका वेळ राहील तितकं तांबं गंजत जातं. चहा सांडलेल्या लॅपटॉपचं बटण घरी दहा वेळा दाबून पाहिलेलं असलं, तर वाचण्यासारखा बोर्डही कित्येकदा गेलेला असतो.

बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत लॅपटॉप ठरलेल्या क्रमाने जातो. बोर्डावरची एक छोटी कंट्रोलर चिप बटणाचा इशारा घेते, एकामागून एक व्होल्टेज तयार होतात, प्रोसेसर सुरू होतो, बायोस रॅम तपासतं, पडद्याला चित्र मिळतं आणि मग डिस्कवरून विंडोज वाचायला सुरुवात होते. यातला कुठला टप्पा शेवटचा पार पडला ते समजलं की अर्धा शोध संपतो. पडदा काळा असेल तर बाहेरचा मॉनिटर जोडायचा. तिथे चित्र आलं तर बोर्ड ठीक आहे, दोष लॅपटॉपच्या पडद्यात किंवा त्याच्या केबलमध्ये. खोलीतला दिवा मालवून पडद्यावर मोबाइलचा टॉर्च तिरपा धरला आणि फिकट चित्र दिसलं, तर फक्त पडद्यामागचा उजेड गेला आहे. कुठेच चित्र नसेल तर रॅम काढायची, तिचे सोनेरी संपर्क साफ करायचे, पुन्हा नीट बसवायची. यातल्या कशानेही काही बिघडत नाही.

थिजलेला पडदा म्हणजे बंद पडलेलं यंत्र, असंही समजू नये. कॅप्स लॉकचं बटण दाबून बघावं. त्याचा बारीक दिवा लागत-विझत असेल तर आतली व्यवस्था अजून ऐकते आहे. तिला वेळ द्यावा. ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्ये सिद्ध केलं की एखादा प्रोग्रॅम कधी ना कधी थांबेल की कायम फिरत राहील, हे कुठल्याही प्रोग्रॅमबाबत सांगू शकेल अशी सरसकट रीत असूच शकत नाही. माझ्या टेबलावर या सिद्धांताचा अर्थ एवढाच, की नुसतं पडद्याकडे बघून निकाल द्यायचा नाही. अपडेट चालू असताना घाबरून बटण दाबून धरल्यामुळे पुरते अडकलेले लॅपटॉप माझ्याकडे नेहमी येतात. त्यातले बरेच थोडी वाट पाहिली असती तर दुकानात आलेच नसते.

घरी करण्यासारखा एक उपाय मी सगळ्यांना सांगतो, फोनवरसुद्धा. चार्जर काढा, जोडलेला पेन ड्राइव्ह, प्रिंटर, सगळं काढा, बॅटरी बाहेरून निघत असेल तर तीही काढा. पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा. मग फक्त चार्जर लावून चालू करा. बोर्डावर राहिलेला विद्युतभार निघून जातो आणि अडलेली कंट्रोलर चिप नव्याने सुरू होते. डिस्कवरच्या एकाही अक्षराला धक्का लागत नाही. मात्र टचपॅड वर उचललेलं दिसलं किंवा लॅपटॉपची पाठ फुगलेली वाटली, तर यातलं काहीही करू नका. ती बॅटरी फुगली आहे. चार्जर काढून तसाच घेऊन या. ती दाबायची नाही, टोचायची नाही.

रायपूरचा म्हणून एक खास बिघाड आहे. मे महिन्यात इथला पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि उरला-सिलतऱ्याकडे स्पंज आयर्नचे कारखाने आहेत. गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर येणारी बारीक काळी धूळ इथल्या प्रत्येक गृहिणीच्या ओळखीची आहे. तीच धूळ लॅपटॉपचा पंखा आत ओढून घेतो. पंखा आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पातळ पात्या यांच्यामध्ये ती साठत जाते, आणि पंखा उघडून चिमट्याने ओढली की नमद्याच्या तुकड्यासारखी सलग निघते. बाहेरून फुंकर मारून ती हलत नाही. हवेची वाट अशी बंद झाली की प्रोसेसर शंभर अंशांजवळ पोचतो. आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि तेवढ्याने भागलं नाही तर जळू नये म्हणून बंद पडतो. म्हणून "सकाळी चालतो, दुपारी हँग होतो" हे ऐकलं की मी सॉफ्टवेअरला हात लावत नाही. पंखा साफ करायचा, प्रोसेसरवरची वाळून कडक झालेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावायची. अशा कित्येक लॅपटॉपवर त्याआधी दोन-तीनदा फॉरमॅट मारलेला असतो. धूळ फॉरमॅटने जात नाही, पण फोटो जातात.

लॅपटॉप पुरता डेड असेल तर तो टेबलावरच्या डीसी सप्लायला लावतो. १९ व्होल्ट द्यायचे आणि करंटच्या आकड्याकडे बघत बसायचं. बटण न दाबता आकडा शून्यावरच राहिला तर वीज आत शिरतच नाही. किंचित करंट घेत असेल तर बोर्ड झोपेत आहे, पण जिवंत आहे. बटण दाबल्यावर आकडा चढून लगेच खाली आला तर कुठलंतरी एक व्होल्टेज तयार होत नाही. आणि सप्लाय जोडताच सुरक्षेसाठी आपोआप तुटला तर बोर्ड शॉर्ट आहे. मग शॉर्ट कुठे, ते शोधायचं. पुष्कळदा तो तांदळाच्या दाण्याहून लहान अशा सिरॅमिक कपॅसिटरमध्ये असतो, आणि तशा शेकडो कपॅसिटरांत तो एक बाहेरून वेगळा दिसत नाही. अशा वेळी त्या लाइनवर एखादाच व्होल्ट सोडतो आणि बोर्डावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा पातळ थर पसरतो. सगळा बोर्ड ओला चमकत असतो. काही क्षणांत एके ठिकाणी कोरडा ठिपका उमटतो आणि पसरू लागतो. गरम होणारा भाग तो. तेवढा एक कपॅसिटर उचलला की शॉर्ट निघतो. त्याची किंमत अगदी किरकोळ, आणि अशाच बोर्डाला "बोर्ड गेला, नवा घ्या" असं सांगितलं जातं तेव्हा हिशोब हजारांत जातो. तो कोरडा ठिपका दिसेपर्यंत धीर धरणं हेच माझं काम आहे असं मी मानतो.

पण खरी कसोटी डिस्कची. लॅपटॉप लोगोवर अडकतो, आतून हलकी टकटक येते, आणि समोरच्या माणसाचं त्यात काय आहे हे आपल्याला माहीत नसतं. तात्यापाऱ्यातले एक निवृत्त शिक्षक असा लॅपटॉप घेऊन आले. जुना होता, फिरत्या हार्ड डिस्कचा. ओळखीच्या कुणीतरी त्यांना फॉरमॅट मारायला सांगितलं होतं.

"सर, यात काय आहे?"

"कुलवृत्तांत आहे रे आमचा. नागपूर, बिलासपूर, रतनपूर, सगळ्या शाखा."

"दुसरीकडे कुठे प्रत?"

"थोडं छापून ठेवलंय. बाकी यातच."

"मग सर, आज लॅपटॉप दुरुस्त करायचा नाही. आज फक्त हे बाहेर काढायचं."

अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या बरोबर आणि त्यांच्या मागून छत्तीसगढात आलेल्या मराठी घराण्यांच्या वंशजांची रायपुरात जुनी वस्ती आहे. चौबे कॉलोनीतलं महाराष्ट्र मंडळ १९३५ पासूनचं आहे, आणि त्याच्या कितीतरी आधीपासून इथल्या घरांत मराठी बोललं जातं. अशा घराण्यांची माहिती बरीचशी म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी असते. ज्यांना विचारून सरांनी ती लिहून घेतली होती, त्यांतले कित्येक आता नाहीत. ती पुन्हा गोळा करणं शक्य नव्हतं.

फिरत्या डिस्कमध्ये वाचणारं हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. ते किंवा तबकडी दुखावली असेल तर लॅपटॉप चालू करण्याचा प्रत्येक प्रयत्न आणखी ओरखडे काढू शकतो. विंडोजचा चेक डिस्क अशा वेळी चालवू नये. तो दुरुस्त करायच्या नादात त्याच डिस्कवर लिहायला लागतो. मी डिस्क बाहेर काढली आणि लिनक्सवर जीएनयू डीडीरेस्क्यू लावलं. हा प्रोग्रॅम आधी सहज वाचता येणारा भाग दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतो, अडेल तिथून पुढे निघून जातो, काय राहिलं त्याची नोंद ठेवतो आणि अवघड भागांकडे शेवटी वळतो. नाजूक डिस्कला हीच चाल मानवते. थोडा भाग वाचता आला नाही, पण सरांचा फोल्डर पूर्ण उतरला.

फाइल उघडली तर समोर रोमन अक्षरं आणि चिन्हांचा गुंता. सरांचा चेहरा पडला. पण माहिती शाबूत होती. मजकूर युनिकोडमध्ये टाइप केलेला नव्हता. जुन्या पद्धतीच्या फॉण्टमध्ये होता. त्या फॉण्टांत देवनागरीचे आकार रोमन अक्षरांच्याच क्रमांकांवर बसवलेले असत, त्यामुळे तो ठराविक फॉण्ट नसेल तर मजकूर वाचता येत नाही. तो फॉण्ट सरांच्या जुन्या विंडोजच्या फॉण्ट फोल्डरमध्ये होता, आणि पूर्ण डिस्कची प्रत घेतलेली असल्यामुळे तोही आला होता. नुसता डॉक्युमेंटचा फोल्डर घेऊन जुनी डिस्क टाकून दिली असती, तर तो फॉण्ट कुठे शोधायचा हा प्रश्न उभा राहिला असता. फॉण्ट टाकला आणि पणजोबांची नावं मराठीत दिसू लागली. पुढे सरांच्या नातीने तो मजकूर युनिकोडमध्ये आणला.

वरून मोडलेलं दिसलं तरी आत सगळं शाबूत असू शकतं, हा धडा १९ जुलै २०२४ ला सगळ्या जगाने एकदम घेतला. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे, विंडोजचे सुमारे ८५ लाख संगणक निळ्या पडद्यावर अडकले. भारतातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. त्या संगणकांत एकही भाग जळलेला नव्हता, डिस्क ठीक होत्या. सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढली की यंत्र चालू होत होतं. 'चालू होत नाही' म्हणजे 'बिघडला' असं नेहमीच नसतं, याहून मोठा दाखला मला ठाऊक नाही.

वाचण्यासारखं यंत्र वाचवता यायला हवं, म्हणूनच दुरुस्तीचा हक्क हा मला माझ्या धंद्यापुरता प्रश्न वाटत नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये त्यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, पोर्टल सुरू केलं. ही सुरुवात आहे. पण आजच्या अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच जोडलेली असते, काहींत एसएसडीसुद्धा. बोर्ड गेला की माहितीही अडकते. ज्या यंत्रात आपलं इतकं काही असतं, ते उघडता यायला हवं, त्याचे सुटे भाग आणि बोर्डाचे नकाशे मिळायला हवेत.

ते होईल तेव्हा होईल. तोवर माझ्या हातात आहे ते मी करतो. बिलावर नुसतं 'लॅपटॉप रिपेअर' लिहीत नाही. काय बिघडलं होतं, कशामुळे, काय बदललं आणि काय बदलावं लागलं नाही, हे चार ओळींत लिहून देतो, काढलेला जुना भाग परत देतो. आणि लॅपटॉप हातात देण्याआधी माहितीची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यायला लावतो, माझ्या समोर. तुम्ही कुठेही दुरुस्तीला गेलात तरी एवढं मागून घ्या. आणि दुकानदाराने फॉरमॅटची गोष्ट काढायच्या आधी "यात काय आहे?" असं विचारलं नाही, तर लॅपटॉप उचला आणि दुसरीकडे जा.