खाडी ओलांडताना

दापोलीहून निघायचं आणि दाभोळ, गुहागर, हेदवी, जयगड असा किनारा धरून रत्नागिरी गाठायची, एवढंच ठरवलं होतं. गाडीने हे अंतर एका दिवसाचं, पण सायकलला हा किनारा घाई करू देत नाही. सड्यावर चढायचं, उघड्या कातळावर जरा सपाट चालवायचं, की लगेच उतार; खाली माडा-पोफळीची वाडी आणि पुढ्यात खाडी. चढ फार आला की पायउतार व्हायचं.

दाभोळ हे बहमनी काळातलं मोठं बंदर. रशियन प्रवासी निकितिन परतीला इथूनच जहाजात बसला. १५०८मध्ये पोर्तुगीजांनी ते लुटून जाळलं. आज तिथून जंगलजेटीत सायकल चढवून धोपाव्याला उतरता येतं. उजव्या हाताला अंजनवेलचा गोपाळगड दिसतो. पाण्यावरून पाहिलं तेव्हा पटलं, की या किल्ल्याने वाशिष्ठीचं तोंड धरून ठेवलंय. आत शिरणारं प्रत्येक गलबत त्याच्या नजरेखालूनच जाणार. समुद्राच्या बाजूला डोंगराचा उतार आणि जमिनीच्या बाजूला खोदलेला खंदक. किनाऱ्याच्या रस्त्यावरून सुसाट जाणाऱ्याला यातलं काही उमगत नाही.

हेदवीची बामणघळ भरतीलाच पाहावी. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ निघते. त्या दिवशी त्रयोदशी, म्हणजे पावणेदहा. वेळणेश्वराहून सकाळीच निघालो आणि उमामहेश्वराच्या देवळापासून कातळावरून चालत घळीशी पोचलो. काळ्या खडकातली ही अरुंद चीर. लाट आत शिरते, कोंडते, पोटातून घुमल्यासारखा आवाज येतो आणि पाणी उसळून पार वर उडतं. मध्येच दोन-तीन लाटा नुसत्याच येऊन जातात, मग एक अशी येते की अंगभर तुषार. तासभर तिथून पाय निघाला नाही.

दुपारी तवसाळला ओहोटी लागली होती. खडकांवर बायका उकिडव्या बसून कालवं फोडत होत्या. कोयतीचा एक नेमका घाव, शिंपला उघडा आणि आतला गर डब्यात. "वायच बसा, जेटी येतेच," एक आजी म्हणाल्या. बसलो. पलीकडे शास्त्री नदीच्या मुखावर जयगड. तिथेही तीच रचना, तोच खंदक.

रेवस-रेडी सागरी महामार्गासाठी या खाड्यांवर पूल होत आहेत. ते व्हायलाच हवेत. रात्री-अपरात्री आजारी माणसाला घेऊन जेटीची वाट पाहणं काय असतं, ते इथल्यांनाच ठाऊक. पण पूल झाले तरी जंगलजेट्या बंद करू नयेत. हे किल्ले जिथून पाहायचे ती जागा पाण्यावरच आहे.