मागील बाकी

आमच्या पिढीनं उमरगा-तुळजापूरकडे गल्ल्यावर बसायला सुरुवात केली, तेव्हा गिऱ्हाईक लाल कापडी खतावणीत असायचं. बियाणं-खत नेणाऱ्याचं नाव, गाव, हस्ते कोण, आणि तुरीची रास झाल्यावर फेडायची बाकी. आज तेच गिऱ्हाईक संगणकावरच्या टॅलीत असतं. मोबाईल नंबर टाकला की मागच्या हंगामांचा हिशेब पुढ्यात.

खतावणी वर्षातून एकदा ताजी व्हायची. लक्ष्मीपूजनाला नव्या वहीवर कुंकवाचं स्वस्तिक निघायचं आणि मग बाकी पुढे ओढायचं काम चालायचं. मुनीम जुन्या वहीतलं एकेक नाव मोठ्यानं वाचत, मालक मध्येच थांबवत. ‘म्हातारा गेला, थोरल्याच्या नावे करा.’ ‘भाऊ वेगळे झाले, निम्मी-निम्मी लिहा.’ ‘पोरीचं लग्न काढलंय, उन्हाळ्यापर्यंत मागू नका.’ जुनं नाव एका रेघेनं खोडलं जाई, पण रेघेखाली ते वाचता येई.

आता दिवाळीपर्यंत थांबायची सोय नाही. २२ सप्टेंबर २०२५ ला ट्रॅक्टर आणि ठिबकवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. त्या सकाळच्या पहिल्या बिलाला नवा दर लागायला हवा होता; सॉफ्टवेअर जुनं राहिलं की चुकलेली बिलं निस्तरत बसायचं.

खरं सांगायचं तर वही गिऱ्हाइकाच्या बाजूची नव्हती. ज्याला वाचता येत नव्हतं, त्याचा अंगठा मालकाच्या भरवशावर उठायचा. व्याज केव्हापासून धरलं, किती धरलं, हे त्याला कोण सांगणार? आता उधारी लिहिली की त्याच्या फोनवर संदेश जातो आणि शाळेत जाणारी नात तो वाचून दाखवते. एवढ्या एका गोष्टीसाठी आम्ही वही परत मागणार नाही.

तरी जीव अडकतो तो मुनीमाच्या त्या वाचनात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. त्या दिवाळीला बाकी ओढताना सास्तूरकडच्या काही नावांवर मुनीम थांबत आणि कुणीच काही बोलत नसे. पुढे गावं नव्या जागी वसली, उमरग्यातलं सास्तूर लोहारा तालुक्यात गेलं. जुन्या वह्यांत ते सगळे पत्ते एकाखाली एक आहेत. २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं, तेव्हा संगणकावरचे पत्ते बदलले. काम चोख झालं, पण आधीचं काही उरलं नाही.

सॉफ्टवेअरमध्येही शेरा लिहायला जागा असते. ‘भाऊ वेगळे झाले’, ‘लग्न काढलंय’, सगळं तिथे मावतं. गल्ल्यावर बसणाऱ्या पोरांना आम्ही ते सांगत राहतो. ती ऐकून घेतात, नंबर टाकतात आणि पुढचं बिल काढतात.