फायबर कुजत नाही, पण...

मिशिगनात घर घेतलं, तेव्हा घराबरोबर परसातली ताडपत्रीखालची एक जुनी मोटरबोटही पदरात पडली. 1965 सालची, चौदा फुटी, फायबरग्लासची. "फायबरला काय होतंय?" जो तो हेच म्हणाला. खरंय, फायबर कुजत नाही. पण त्या काळच्या बहुतेक बोटींत मागच्या भिंतीच्या पोटात प्लायवूड असतं, आणि इंजिन टांगायचं नेमकं त्याच भिंतीवर! स्क्रूच्या भोकांतून वर्षानुवर्षं पाणी झिरपतं, लाकूड आतल्या आत भुसभुशीत होतं. बाहेरची चकाकी मात्र तशीच.

मग ओळखायचं कसं? आई मडकं घेताना टिचकी मारून बघायची ना, तसंच. प्लास्टिकच्या हातोडीनं ठोकत जायचं. खणखणीत वाजलं तर ठीक. बद्द वाजलं की करवत काढायची.

कुजकं सगळं कोरून काढलं, आतला भाग सुकू दिला, नवं मरीन प्लायवूड इपॉक्सीनं बसवलं. जुन्या फायबरला पॉलिएस्टर रेझिनपेक्षा तेच घट्ट धरतं.

लेक रोज विचारते, "बाबा, लाल रंग कधी द्यायचा?"

देऊ गं. पण त्या भिंतीवर साठ-सत्तर किलोचं इंजिन लटकणार, आणि पुढे तू बसणार. आधी चारही कोपरे एकसारखे वाजू देत.