साखरेखालची पाच

गोड वासाच्या अत्तरांबद्दल आपल्याकडे एक अढी आहे. ‘खायचे वास अंगाला कशाला लावायचे?’ असं माझी नणंद स्पष्टच विचारते. अंगाला मोगरा, वाळा, चंदन, फार तर केवडा. व्हॅनिला आणि चॉकलेट बेकरीत राहू देत, असं तिचं म्हणणं. मला मात्र ही अत्तरं मनापासून आवडतात. अंगावर ती दिवसभर ज्या तऱ्हेने बदलत जातात, त्यातच त्यांची खरी मजा आहे.

मी वापरते ते ‘एंजल’. १९९२ मध्ये ते बाजारात आलं आणि या खाऊच्या वासांच्या अत्तरांची आजची लाट तिथूनच सुरू झाली असं मानतात. फॅशन डिझायनर तिएरी म्युग्लेर यांना लहानपणी पाहिलेल्या जत्रेचा वास हवा होता. ओलिव्हिए क्रेस्प या अत्तरकाराने त्यासाठी एथिल माल्टोल भरपूर वापरलं. या रसायनाचा वास थेट बुढ्ढी के बालांचा. व्हॅनिला त्याआधीही अत्तरांत होती. गेर्लें यांच्या १९२५ च्या ‘शालिमार’मध्ये ती चांगली ठळक आहे. पण क्रेस्प यांनी साखरेच्या खाली पाचेच्या सुगंधी पानांचं तेल ओतलं, तेही सढळ हाताने. माझ्या मते सगळी करामत तिथे आहे.

सकाळी अंघोळीनंतर मनगटावर फवारा मारला की आधी बर्गमॉट जाणवतं. लिंबाच्या सालीचा चुरचुरीतपणा, त्यात काहीतरी गार, जवळजवळ धातूचं. घराबाहेर पडेपर्यंत हे उडून गेलेलं असतं आणि साखर वर येते. पाक तांबूस होऊन करपायच्या बेतात असावा, तसा वास. बसमध्ये शेजारच्या काकूंनी एकदा विचारलं, ‘घरी चिक्की केलीस का गं?’ मी मनगट पुढे केलं. त्यांनी बराच वेळ हुंगलं आणि म्हणाल्या, ‘छान आहे हो, पण भूक लागते.’

दुपारी मला काहीच वास येत नाही. अत्तर मात्र जागेवर असतं. नाक त्याला सरावलेलं असतं, एवढंच. अशा वेळी पुन्हा फवारा मारू नये, ऑफिसमधल्या शेजारणीला तो पहिलाच पुरेसा येत असतो.

संध्याकाळी घरी आल्यावर मनगट नाकाशी नेलं की साखर पातळ झालेली असते आणि खालून पाच वर आलेली असते. मातकट, थोडी कापराकडे झुकणारी. रत्नागिरीकडे माझ्या आजोळी अबोलीच्या वेणीत पाचेची पानं गुंफत. फुलं मलूल व्हायची आणि पाच सुकता सुकता अधिकच दरवळायची. अत्तरासाठीही पानं आधी सुकवतात, मग त्यांचं तेल काढतात. हे तेल आज मुख्यतः इंडोनेशियातून येतं. आपली पाच त्याच वंशातली. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातून युरोपात जाणाऱ्या शालींना कसर लागू नये म्हणून घड्यांमध्ये हीच पानं घालत. म्हणून पॅरिसच्या बाटलीत आजीच्या वेणीचा वास सापडला याचं मला नवल वाटत नाही, आनंद मात्र खूप वाटतो.

वासातल्या दिवसभराच्या या बदलामागचं कारण सरळ आहे. लिंबूवर्गीय वासांचे रेणू हलके असतात, अंगाच्या उबेने ते काही मिनिटांत उडतात. व्हॅनिलाच्या वासाचे आणि पाचेच्या तेलातले रेणू सहजासहजी उडत नाहीत, ते तासन्‌तास रेंगाळतात. त्वचा तेलकट असेल तर वास धरून ठेवते. माझ्या बहिणीची त्वचा कोरडी आहे. तिच्या हातावर हेच अत्तर दुपारीच विरतं. आधी बिनवासाचं क्रीम लावलं तर तिलाही संध्याकाळपर्यंत पुरतं. ओढणीवर मारलं तर त्याला अंगाची ऊब मिळत नाही, म्हणून साखर दुसऱ्या दिवशीही रेंगाळलेली असते. पांढऱ्या कपड्यांवर मात्र मारू नये, डाग पडण्याची भीती असते.

ऋतूचंही भान हवं. पुण्याच्या डिसेंबरात हा वास हळूहळू, सावकाश उलगडतो. ऑक्टोबरच्या उकाड्यात घामात मिसळून तो इतका दाट होतो की शेजाऱ्याचा जीव घुसमटेल. त्या दिवसांत मी वाळ्याकडे वळते.

दुकानातली कागदाची पट्टी हुंगून असलं अत्तर कधी विकत घेऊ नका. कागदाला ना ऊब, ना तेल. त्यावर तुम्हाला जास्त करून साखरच भेटेल. मनगटावर एकच फवारा मागून घ्या, तो चोळू नका, आणि दुकानातून बाहेर पडा. दिवसभराची कामं करा. संध्याकाळी हातावर जे उरेल ते आवडलं, तरच पैसे मोजा.