हिमरू

आमच्या मांजरीचं नाव हिमरू. काळा, तांबूस आणि पांढरा असे तिन्ही रंग तिच्या अंगावर होते. ही ठिगळं नव्हेत, नक्षी आहे, असा आईचा आग्रह. म्हणून आमच्या औरंगाबाद शहराच्या प्रसिद्ध शालीचं नाव तिला मिळालं. तिरंगी मांजर जवळपास हमखास मादीच निघते. त्यामुळे आमच्या बेगमपुऱ्यात तिला घ्यायला कुणी पुढे येईना. बोका असता तर केव्हाच कुणाच्या तरी घरी गेला असता. शेजारच्या खालांनी तिला ओढणीत गुंडाळून आमच्या दारात आणलं आणि म्हणाल्या, "बेटा, एक ही बची है. तुम्हारे कने दूध तो होताच."

दूध होतं, पण दुधावर मांजर जगत नाही, हे तिने लवकरच दाखवलं. हिमायतबागेची झाडी आमच्यापासून फार लांब नाही आणि आमच्या आवारात एक कडुनिंब आहे. शिंजीर, बुलबुल, शिंपी, सातभाई, खारी सगळे तिथे नांदायचे. हिमरू मोठी झाली आणि भल्या पहाटे शिकारीला निघू लागली. मारलेलं ती क्वचितच खायची. शिंजिराचा नर, निळाजांभळा, चमकदार, तिने एकदा थेट आजीच्या देवघराच्या उंबऱ्यावर आणून ठेवला. आजी माळकरी. तिने दिवसभर त्या उंबऱ्याला पाय लावला नाही.

आमचा दादा पक्षी बघणारा. तो भांडला नाही. भिंतीवरच्या कालनिर्णयात त्या त्या तारखेच्या चौकोनात फक्त लिहीत गेला: बुलबुल, पाल, खारीचं पिल्लू, पुन्हा बुलबुल. एप्रिल-मेच्या पानांवर दाटी झाली, कारण मधुमालतीच्या वेलात बुलबुलाची घरटी तेव्हाच असायची. दूध, गॅस, इस्त्रीच्या नोंदींखाली हा हिशेब वाचला की पोटात कालवायचं. अमेरिकेतल्या संशोधकांनी 2013 मध्ये अंदाज मांडला होता की त्या एका देशात मांजरं वर्षाला 130 ते 400 कोटी पक्षी मारतात. आपल्याकडचा असा आकडा माझ्याकडे नाही, पण एका घरचं कॅलेंडर मी वाचलेलं आहे.

खालांचं म्हणणं वेगळं. "बिल्ली की फितरत है, गुस्सा काहेकू?" राग नव्हताच. पण फितरत तिची असली तरी तिला रोज पोटभर वाढून, ताजीतवानी करून बाहेर सोडणारे आम्ही होतो. रानातल्या शिकाऱ्याला शिकार साधली नाही तर उपास घडतो. आमच्या शिकारीणबाई नाश्ता करून निघायच्या.

गळ्यात घुंगरू बांधून पाहिलं. ती घुंगरू न वाजवता चालायला शिकली. (इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाने पुढे 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात घुंगराचा फारसा उपयोग दिसला नाही. मांसाचं प्रमाण भरपूर असलेलं खाणं दिलं तर घरी येणारी शिकार 36 टक्क्यांनी घटली, आणि रोज पाच-दहा मिनिटं खेळवलं तर 25 टक्क्यांनी.) शेवटी दादाने मागच्या पडवीला वरपासून खालपर्यंत लोखंडी जाळी ठोकून घेतली. हिमरू आठवडाभर ओरडली. गल्लीने आम्हाला निर्दयी ठरवलं. मग तिला जाळीला लागून असलेली फळी सापडली आणि तिथे बसून कडुनिंबाकडे बघत दात कटकटवणं, हा तिचा आयुष्यभराचा उद्योग झाला.

त्याआधीच तिचं नसबंदीचं ऑपरेशन उरकलं होतं. मांजर चार-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते आणि वर्षातून दोन-तीनदा विते. त्या पिल्लांना घरं कुठून आणायची? गल्लीतल्या शेरू कुत्र्याच्या डाव्या कानाला खाच आहे, म्हणजे त्याची नसबंदी झालेली आहे. कुत्र्यांसाठी निदान केंद्र सरकारचे 2023 चे नियम आहेत. मांजरांच्या बाबतीत मात्र बहुतेक घरांचा एकच नियम: पिल्लं पोत्यात घालून मंडईजवळ सोडून यायची.

खाण्याचा प्रश्न आजीमुळे अवघड झाला. स्वयंपाकघरात मांस चालणार नव्हतं. मांजर शाकाहारी करता येत नाही. टॉरिन नावाचं द्रव्य तिला खाण्यातूनच, म्हणजे मुख्यतः मांसातून, मिळावं लागतं, नाहीतर दृष्टी जाते, हृदय खचतं. आजीने हे ऐकून निकाल दिला, "तिच्या गळ्यात माळ नाही ना घातली आपण." मग अंगणात वेगळा स्टोव्ह आला, वेगळं पातेलं आलं. चिकनच्या दुकानात गिऱ्हाईक ज्याला नाक मुरडतं ते कोंबडीचं काळीज, गळे, पाय मी आणायची आणि शिजवून द्यायची. माणसासाठी कापलेल्या कोंबडीचं उरलेलं मांजराच्या पोटात जावं, तिच्यासाठी वेगळी कोंबडी कापली जाऊ नये, एवढाच त्यातला विचार. पाकिटातल्या खाण्याचा खर्च वाचला तो वर.

आणि मग 2018 चा फेब्रुवारी आला. तोवर आम्ही तिच्या शी-शूच्या पेटीत पाकिटातली माती वापरत होतो. ही माती म्हणजे बेंटोनाइट, कच्छसारख्या भागात जमीन खणून काढलेलं खनिज. ओलं झालं की त्याचे गोळे होतात, ते पिशवीत भरायचे आणि घंटागाडीत टाकायचे. पण कचरा डेपोजवळच्या नारेगाव-मांडकीच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. वर्षानुवर्षं सगळ्या शहराची घाण त्यांच्या उशाशी, विहिरी नासलेल्या, त्यांचं काय चुकलं? 7 मार्चला मिटमिटा गावात कचरा टाकण्यावरून दगडफेक, जाळपोळ, लाठीमार झाला. शहरभर रस्त्यांच्या कडेला ढीग साचले, कुठे कुठे ते पेटवले गेले. आमच्या घरात मांजराच्या गोळ्यांच्या पिशव्या जिन्याखाली रांगेने उभ्या राहिल्या. बेंटोनाइट कुजत नाही, जळत नाही, संडासात टाकलं तर फुगून नळी बुजवतं.

त्या आठवड्यात मी लाकडाच्या वखारीतून पोतंभर भुसा आणला. हिमरूने हुंगला, एकदा शिंकली, वापरू लागली. घाण वेचून आवाराच्या कोपऱ्यात खोल खड्ड्यात पुरायची आणि त्यावर कडुनिंबाचा पाला. भाजीच्या आळ्यात मात्र नाही. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी मातीत जातो आणि तिथे वर्षभरही टिकू शकतो. पुढे वहिनीला दिवस गेले तेव्हा सगळी गल्ली म्हणाली, मांजर घालवा. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावलं: विष्ठेतला हा जंतू बाधण्याजोगा व्हायला किमान एक दिवस लागतो, म्हणून पेटी रोज साफ करा, वहिनीने हात लावू नये. शिजवलेलं खाणारी, उंदीर न पकडणारी, घरातली मांजर फारशी धोक्याची नाही. जाळीचा असा एक उपयोग दादालाही सुचला नव्हता.

पाण्याचं काय सांगावं? जायकवाडीचं पाणी नळाला यायचं कधी पाचव्या दिवशी, कधी आठव्या. मांजर स्वतःला चाटून स्वच्छ ठेवते, ही या शहरावर तिची मेहेरबानीच. वरच्या आळीत एकाने हस्की आणला होता. त्याला दिवसभर एसी आणि उन्हाळ्यात रोज अंघोळ. ज्या मराठवाड्याने कारवानीसारखं उन्हाला न डगमगणारं कुत्रं सांभाळलं, तिथे बर्फातला कुत्रा आणून त्याचे हाल करायचे, हा षोक मला आजही पटत नाही. त्याच्या मानेवर गोचिडांसाठी औषधाचे थेंब टाकत आणि लगेच अंगणात धुवून काढत. ते पाणी गटारातून खाम नदीत. इंग्लंडमधल्या 20 नद्यांचं पाणी तपासलं तेव्हा 98 टक्के नमुन्यांत फिप्रोनिल हे पिसवा मारायचं औषध सापडलं होतं. हिमरूला पिसवा झाल्या त्या आम्ही बारीक दातांच्या फणीने आणि साबणाच्या पाण्याच्या वाटीने काढल्या. फार झाल्या तेव्हाच डॉक्टरांना विचारून औषध आणि नंतर अंघोळ नाही.

म्हातारपणी तिची मूत्रपिंडं गेली, बऱ्याच मांजरांची जातात. गेल्या उन्हाळ्यात ती गेली. जाळी अजून आहे. मधुमालतीत बुलबुल दर वर्षी घरटं करतात. कावळे त्यातली अंडी नेतात, पण तो त्यांचा आपसातला व्यवहार.

परवा खाला पुन्हा ओढणीत एक पिल्लू घेऊन आल्या. मी त्यांना विचारलं, ऑपरेशनचे पैसे निम्मे तुम्ही देणार का? त्या हो म्हणाल्या. तुमच्या दारात कुणी पिल्लू आणलं तर नाव ठेवण्याआधी एवढं विचारा, आणि मागच्या पडवीचं माप घेऊन ठेवा.