गुडघ्यांची कैफियत

अंबड आज कारखान्यांची वस्ती म्हणून लोकांना ठाऊक आहे. पण माझ्या बाळपणी ते शेतकऱ्यांचे एक गाव होते, आणि त्या गावात गुडघेदुखी हा रोग म्हणून कोणी जमेस धरीत नसे. गुडघे दुखत नसत असे मुळीच नव्हे. पहाटे जात्यावर बसणारी, दिवसभर उकिडवी बसून खुरपणी करणारी आणि दिवेलागणीला पुन्हा चुलीपुढे बसणारी माझी आजी दोन्ही तळहातांनी गुडघ्यांवर रेटा देऊन, पांडुरंगाला हाक मारीत उठे, तेव्हा तिच्या सांध्यांतून उमटणारा करकर असा आवाज माजघरात झोपलेल्या आम्हा पोरांनाही ऐकू येई. परंतु ते दुखणे वयाच्या नावावर चढवलेले असल्यामुळे त्याची दाद मागण्याजोगी कचेरी कोठेच नव्हती. पुरुष आजारी पडला तर बैलगाडी जुंपून त्याला नाशकात नेत. बाईच्या गुडघ्यांसाठी गाडी जुंपल्याचे मला आठवत नाही.

इलाज होते ते घरातले. रुईच्या पानाला तेल लावून, तव्यावर गरम करून ते गुडघ्यावर बांधावयाचे. निर्गुडीचा पाला उकळून त्याचा शेक घ्यावयाचा. आणि दुखणे अगदीच हट्टाला पेटले तर बिब्बा घालावयाचा. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजून फोड येत, आणि त्या फोडांच्या आगीपुढे गुडघ्याचे दुखणे चार दिवस आठवत नसे. बिब्ब्याचा सारा गुण एवढाच असावा असा माझा ग्रह आहे. पानाच्या शेकाची गोष्ट मात्र निराळी. चरकसंहितेत संधिगत वाताचे वर्णन आहे, वाऱ्याने भरलेल्या कातडी पिशवीसारखा लागणारा त्या सांध्याचा स्पर्शही तेथे नोंदलेला आहे, आणि वातव्याधीवर स्नेहन, स्वेदन व उपनाह, म्हणजे तेल, शेक व पोटीस, हे उपचार सांगितलेले आहेत. आजीला चरकाचे नावही ठाऊक नव्हते; तरीही ज्या उबेने आखडलेले स्नायू सैल पडतात आणि घटकाभर दुःख हलके होते, ती ऊब तिने परंपरेच्या वाटेने मिळविली होती. त्या उबेने सांधा बरा होत नाही. पण सांधा बरा करण्याचा दावा ज्यांनी आजवर केला, त्यांच्यापेक्षा आजीचे पान अधिक प्रामाणिक होते.

पुढे शेतजमिनींच्या संपादनाच्या नोटिसा आल्या, सातबाऱ्यावरची नावे पालटली, मोबदल्याच्या रकमा कोणाच्या घरात तर कोणाच्या लग्नात गेल्या, आणि ज्या वावरात आजी खुरपे घेऊन बसत असे तेथून थोड्या अंतरावर एका कारखान्याच्या हजेरी कचेरीत मी कारकून म्हणून रुजू झालो. यंत्रापुढे आठ-आठ तास उभ्याने काम करणारे कामगार आमच्या खिडकीशी रजेचे दाखले आणून देत. १९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्याने त्यांना दवाखान्याचा हक्क मिळाला होता, आणि मोठ्या दुखण्यासाठी सातपूरचे रुग्णालय होते; परंतु दाखल्यांवर ताप असे, कावीळ असे, कंबरदुखी असे, गुडघा क्वचितच. चाळिशी-पंचेचाळिशीचा कामगार पायऱ्या उतरताना कठडा धरू लागला की आम्हा सर्वांना ते दिसत असे. तो मात्र ते कागदावर येऊ देत नसे, कारण कागदावर आलेला गुडघा पुढे मुकादमाच्याही नजरेत येतो. खुर्चीवर बसणाऱ्या आम्हा कारकुनांकडे पाहून ते म्हणत, ‘‘साहेब, तुमचे गुडघे शिल्लकीत आहेत.’’

गुडघा ही जन्मतःच मोजून मिळालेली रक्कम असून ती जितकी कमी खर्चावी तितकी म्हातारपणी पुरेल, ही समजूत केवळ त्यांची नव्हती. ती साऱ्या समाजाची होती आणि अद्यापि आहे. निवृत्तीनंतर माझेही गुडघे बोलू लागले, तेव्हा नाशकातील ज्या अस्थिरोगतज्ज्ञांकडे मी गेलो त्यांनी या हिशोबालाच हरकत घेतली. सांध्यातील कूर्चेला, ते म्हणाले, रक्तवाहिन्या नसतात. भार पडला की तिच्यातील द्रव बाहेर ढकलला जातो आणि भार सरला की सांध्यातील वंगणरस पोषण घेऊन पुन्हा आत शिरतो. तेव्हा जो सांधा हलत नाही तो उपाशी राहतो. शिवाय मांडीचा पुढचा स्नायू हा गुडघ्याचा खरा राखणदार, आणि खुर्चीने माझा तो राखणदारच बसवून ठेवला होता. अतिभाराने सांधा बिघडतो, हे आजीने आणि कामगारांनी दाखविले होते. अनभ्यासानेही तो बिघडतो, याचा पुरावा मी होतो.

जमिनीवर बसण्याच्या आपल्या रीतीचा दोष यात किती, हा प्रश्न मला पुष्कळ दिवस छळीत होता. बीजिंगमधील वृद्ध स्त्रियांची तुलना अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावच्या स्त्रियांशी करणारे संशोधन २००१ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात गुडघ्याचा संधिवात बीजिंगकडे अधिक आढळला. खुब्याचा मात्र तेथे फारच कमी, असे पुढच्या पाहणीत दिसले. दीर्घकाळ उकिडवे बसण्याकडे संशोधकांचे बोट होते. तथापि मांडी घालून दोन घास जेवणे आणि दिवसभर उकिडवे बसून ओझी उचलणे यांना एकाच कलमाखाली आरोपी करणे मला अन्यायाचे वाटते. पाटावरून उठण्यात जी मांडीची मेहनत होते, तीच आज व्यायाम म्हणून खुर्चीवरून उठबस करवून माझ्याकडून घेतली जाते.

क्ष-किरणचित्रावरून या रोगाच्या चार पायऱ्या मोजण्याची पद्धत केलग्रेन व लॉरेन्स यांनी १९५७ मध्ये घालून दिली. पण चित्रातील बिघाड आणि माणसाचे दुखणे यांची गाठ पडतेच असे नाही. माझे चित्र वाईट, पण मी चालत होतो. माझ्याहून बरे चित्र असलेला शेजारी अंथरुणाला खिळला होता. गोळ्यांविषयी एवढेच की वेदनाशामके पोट आणि मूत्रपिंड यांच्याकडून वसुली करतात, म्हणून आधी चोळावयाचे मलम आणि गोळी गरजेपुरती, असा मला हुकूम होता. दुर्बिणीने सांधा धुऊन काढण्याची शस्त्रक्रिया एके काळी फार चालत असे. ह्यूस्टनच्या डॉक्टरांनी २००२ मध्ये काही रुग्णांना नुसती वरवरची चीर देऊन पाहिले, तो त्यांनाही खऱ्या शस्त्रक्रियेइतकाच आराम पडला! आमच्या भागात एका मोफत शिबिरात तर तपासणीपूर्वीच दोन्ही गुडघे बदलण्याची तारीख मला देऊ केली गेली. चुंबकाचे पट्टे आणि चमत्कारी तेले यांच्या जाहिरातींबद्दल मी काही लिहीत नाही. बिब्बा निदान फुकट तरी होता.

सांधेबदलाची गोष्ट आमच्या घराघरांत शिरली ती अटलबिहारी वाजपेयी यांच्यामुळे. पंतप्रधान असताना २००० मध्ये एक आणि २००१ मध्ये दुसरा, असे त्यांचे दोन्ही गुडघे मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी बदलले. तोवर जो खर्च केवळ श्रीमंतांचा मानला जाई, तो ऑगस्ट २०१७ मध्ये औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने सांध्याची किंमत बांधून दिल्यावर मध्यमवर्गाच्या आवाक्याशी आला. कोबाल्ट-क्रोमियमच्या नेहमीच्या सांध्याची कमाल किंमत ५४,७२० रुपये ठरली. सिडकोतील लहानशा घरावर मजला चढवून, अरुंद उभ्या जिन्याने वरखाली करीत जिने आयुष्य काढले, त्या माझ्या थोरल्या ताईने त्यानंतर दोन्ही गुडघे बदलून घेतले. तिचे पाय बाहेरच्या बाजूला धनुष्याकृती वाकले होते, रात्री झोप नव्हती, आणि व्यायाम, काठी, वजन हे सारे करून झाले होते. शस्त्रक्रिया व्हावी ती अशाच ठिकाणी. दुसऱ्या दिवशी तिला उभे केले तेव्हा तिने ज्या शब्दांत डॉक्टरांचा उद्धार केला ते येथे लिहिण्याजोगे नाहीत. आता ती सप्तशृंगीच्या दर्शनाला जाते. वर मात्र २०१८ पासून सुरू झालेल्या ट्रॉलीने, आणि देवीची त्याला संमती आहे असे ती खात्रीने सांगते.

माझे काम अजून सुरीपर्यंत गेलेले नाही. रोज सकाळी गुडघ्याखाली पंच्याची गुंडाळी ठेवून तो खाली दाबावयाचा, दहापर्यंत मोजून सैल सोडावयाचा. मग खुर्चीवरून हात न टेकता उठावयाचे. वजनाच्या बाबतीत भौतिकोपचार करणाऱ्या बाईंनी मला एक हिशोब सांगितला, तो कारकुनाला पटण्याजोगा होता: शरीराचे एक किलो उतरले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचे सुमारे चार किलो उतरतात. काठी दुखऱ्या पायाच्या उलट हातात धरावी, आणि जिन्यावर चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, हेही त्यांनीच शिकविले. मी विचारले, ‘‘बाई, माझे तर दोन्ही दुखतात, त्यांतला चांगला कोणता मानावयाचा?’’

‘‘काका, त्या दिवशी ज्याची तक्रार कमी असेल तो,’’ बाई म्हणाल्या, आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली. तेव्हापासून जिन्याच्या पायथ्याशी थांबून मी रोज दोघांचीही सुनावणी घेतो. डावा बहुधा निर्दोष सुटतो.