मॅडम, तुम्हाला लिहायला वेळ कधी मिळतो?

हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकायला मिळतो. तपासणीच्या टेबलवरची पेशंट विचारते, तिच्याबरोबर आलेली सासू विचारते, लग्नकार्यात भेटलेल्या काकू विचारतात. माझ्या ओळखीचे एक हाडांचे डॉक्टर आहेत, तेही छान लिहितात. त्यांना मी एकदा म्हटलं, "तुम्हाला कुणी असं विचारतं का हो?" ते म्हणाले, "नाही बुवा. मला विचारतात, पुढचा लेख कधी?"

एरवी मी "मिळतो कसाबसा" म्हणून विषय बदलते. पण गेल्या पावसाळ्यात एक पेशंट आली आणि तिच्यामुळे या प्रश्नाचं उत्तर नीट द्यावंसं वाटलं. तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्या आहेत.

ती एका बँकेत नोकरी करते. पहिलं बाळ पाच महिन्यांचं. तांबी बसवायची का, हे विचारायला आली होती. ते बोलून झालं, ती उठली, दारापर्यंत गेली आणि परत फिरली. म्हणाली, "मॅडम, मी आधी कविता करायचे. दिवाळी अंकात दोनदा छापून आल्यात. आता चार ओळी सुचत नाहीत. डोकं रिकामं झाल्यासारखं वाटतं. डिलिव्हरीनंतर असं होतं का?"

तिला मी काय सांगितलं ते पुढे सांगते. आधी माझी गोष्ट, कारण तिचा प्रश्न ऐकून मला आधी माझीच आठवण झाली.

माझी मुलगी आता नऊ वर्षांची आहे. ती होण्याआधी मी एका दैनिकाच्या पुरवणीत अधूनमधून लिहायचे. ती चार महिन्यांची झाल्यावर मी पुन्हा ओपीडी सुरू केली. दिवसभर पेशंट, घरी आलं की लेक, तिचं आटोपलं की स्वयंपाक. मग लिहायचं कधी? मी सोपा मार्ग काढला. रात्री अकराला ती झोपली की लॅपटॉप उघडायचा आणि दीड वाजेपर्यंत लिहायचं. तीनला ती दुधाला उठायची. सहाला माझा दिवस सुरू. वर एखादी डिलिव्हरी रात्रीच यायची. खरं सांगते, त्या काळात मला स्वतःचा फार अभिमान वाटायचा. सगळं जमवतेय मी!

मग एका दुपारी हॉस्पिटलखालच्या मेडिकलमधून फोन आला. "मॅडम, ही थायरॉईडची गोळी सकाळी एकच ना? चिठ्ठीवर तीन वेळा लिहिलंय."

ती गोळी सकाळी उपाशीपोटी एकदाच घेतात, हे मला झोपेत उठवून विचारलं तरी सांगता येईल. पण झोपेत उठवून विचारणं वेगळं आणि झोपच न झालेली असणं वेगळं. त्या मुलाने फोन केला नसता तर? पेशंट गरोदर होती. मी चिठ्ठी बदलून दिली, त्या बाईंची माफी मागितली, केबिनचं दार लावलं आणि बराच वेळ नुसती बसून राहिले.

आता यामागचं शास्त्र थोडक्यात सांगते. प्रौढ माणसाला रात्री किमान सात तास झोप हवी. झोपेचा एक फेरा साधारण दीड तासाचा असतो, त्यात हलकी झोप, गाढ झोप आणि स्वप्नांची झोप क्रमाने येतात. बाळ दर दोन-तीन तासांनी उठतं तेव्हा आईचे तास कमी होतातच, पण हे फेरेही मध्येच तुटतात. त्यामुळे एकूण सहा तास झोप होऊनसुद्धा सकाळी डोकं जड असतं. सलग १७ ते १९ तास जागं राहिलेल्या माणसाची प्रतिक्रियेची गती आणि लक्ष हे थोडी दारू प्यायलेल्या माणसाइतकं मंदावतं, असं प्रयोगांत दिसलं आहे. दारू पिऊन कुणी ओपीडीत बसलं तर आपण काय म्हणू? जागरण करून बसलं तर मात्र 'किती कष्टाळू' म्हणतो.

म्हणजे बाळंतपणाने बाईचं डोकं बिघडतं का? नाही. २०१६ साली स्पेनमधल्या संशोधकांनी पहिलटकरणींच्या मेंदूचे एमआरआय गरोदर राहण्यापूर्वीचे आणि नंतरचे ताडून पाहिले. काही भागांत बदल झालेले दिसले आणि ते दोन वर्षांनंतरही टिकून होते. हे भाग मुख्यतः दुसऱ्याच्या मनातलं ओळखण्याशी जोडलेले आहेत. त्याच अभ्यासात स्मरणशक्तीच्या चाचण्यांत मात्र घट दिसली नाही. तेव्हा 'बाळ झालं, आता हिची बुद्धी गेली' असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. दमलेलं डोकं आणि बिघडलेलं डोकं यांत फरक आहे.

तर त्या फोननंतर मी रात्रीचं लिहिणं बंद केलं. दोन महिने एक ओळ लिहिली नाही. झोप सुधारली, पण चिडचिड वाढली. कुकरची शिट्टी झाली तरी राग यायचा. शेवटी एका रविवारी जेवताना मी घरात सांगून टाकलं, "मला आठवड्यातून दोन तास हवेत. लिहायला." सासूबाई आमटी वाढता वाढता थांबल्या. आता काहीतरी ऐकावं लागणार, असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, "अगं, मग सांगायचं ना! मला वाटायचं, तू रात्री पेशंटचे रिपोर्ट बघत बसतेस."

मी कधी सांगितलंच नव्हतं. लिहिणं ही मी माझी चोरटी हौस करून ठेवली होती आणि घरच्यांना त्याची किंमत नाही म्हणून मनातल्या मनात कुढत होते.

तेव्हापासून मंगळवार आणि शुक्रवार, संध्याकाळी सहा ते सात, ही माझी वेळ. मंगळवारी सासूबाई लेकीला बघतात. त्यासाठी त्यांनी आपल्या भजनाचा वार बदलून घेतला. शुक्रवारी नवरा तिला घेऊन बागेत जातो, त्या दिवशी रात्रीचं जेवण तोच बघतो. पोळ्यांना मावशी येतात. हे सगळं मुद्दाम लिहितेय. 'डॉक्टर, आई आणि लेखिका, तिन्ही भूमिका लीलया' असं कुणी माझ्याबद्दल बोललं की मला ओशाळायला होतं. लीलया काही नाही. माझा प्रत्येक तास कुणाच्या तरी तासातून आलेला आहे. मावशींच्या घरी त्या वेळी त्यांची मुलं कोण बघतं, हा प्रश्नही मी बरीच वर्षं विचारला नव्हता.

लेकीचीही बाजू आहे. ती पाच वर्षांची असताना एका मंगळवारी तिने दार वाजवलं आणि विचारलं, "आई, तू खरी आत आहेस की लिहितेयस?" मी हसले, पण तो प्रश्न बरेच दिवस टोचत राहिला. बाळाच्या वाट्याची आई आपण कमी करतोय, हे वाटणं बहुतेक प्रत्येक काम करणाऱ्या बाईला ओळखीचं असतं. माझा तोडगा साधा आहे. सात वाजले की वही बंद. वाक्य अर्धं असलं तरी बंद. ती वेळ मी पाळते हे तिला कळलं, तेव्हापासून तिने दार वाजवणं सोडलं.

इथे दोन बायकांची आठवण होते. बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. तरुणपणीच वैधव्य आलेलं, पदरात मुलं, शेतीचं काम. त्यांच्या ओव्या जात्यावर आणि शेतात जन्मल्या. मुलगा सोपानदेव आणि इतरांनी टिपून ठेवल्या म्हणून १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, त्या पुस्तकरूपाने आपल्याला मिळाल्या. दुसऱ्या, फलटणच्या बेबीताई कांबळे. त्यांचं किराणा दुकान होतं. पुड्या बांधायला आणलेली रद्दी त्या वाचायच्या. मुलाबाळांचा मोठा संसार सांभाळत, नवरा दुकानात नसताना त्या लिहायच्या आणि लिहिलेलं लपवून ठेवायच्या. बरीच वर्षं त्यांनी ते असं सांभाळलं. 'जिणं आमुचं' आधी 'स्त्री' मासिकातून आणि मग पुस्तक म्हणून आलं.

ही उदाहरणं देऊन 'त्यांना जमलं, मग तुम्हाला का नाही' असं मला म्हणायचं नाही. उलट म्हणायचं आहे. बहिणाबाईंच्या किती ओव्या जात्याच्या घरघरीतच विरून गेल्या असतील? बेबीताईंना वह्या लपवाव्या लागल्या नसत्या तर अजून काय काय लिहून झालं असतं? बाईने सगळं सोसून लिहिलं याचं आपण कौतुक करतो. तिला सोसावं लागू नये याची सोय करणं मात्र राहून जातं.

"लिहिल्याने तब्येत सुधारते का?" असंही काही जणी विचारतात. अमेरिकेत जेम्स पेनेबेकर नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९८६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, स्वतःच्या आयुष्यातल्या दुखावणाऱ्या घटनेबद्दल लिहायला सांगितलं. घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांना लिहिताना त्रास झाला, पण पुढच्या सहा महिन्यांत ते आजारपणासाठी दवाखान्यात कमी वेळा गेले. नंतर यावर पुष्कळ अभ्यास झाले. सरासरी फायदा दिसतो, पण लहान, आणि सगळ्यांना होतोच असं नाही. तेव्हा लिहा, बरं वाटतं म्हणून लिहा. पण लिहिणं म्हणजे औषध नव्हे.

हे वाक्य मी ठासून का लिहितेय? आता त्या कवितावाल्या मुलीकडे परत जाऊया.

मी तिला झोपेचं सगळं सांगणारच होते. तोंडावर आलं होतं, 'थोडी झोप घे, सुचेल हळूहळू.' पण बाहेर गर्दी कमी होती म्हणून म्हणा, मी एक प्रश्न जास्त विचारला. "बाळ झोपलं, घरात शांतता आहे, कुणी काही मागत नाहीये. तेव्हा तुला झोप लागते का?"

ती म्हणाली, "नाही."

"काही आवडीचं करावंसं वाटतं?"

ती रडायला लागली. "कविता जाऊ दे मॅडम. बाळाला जवळ घेतलं तरी काही वाटत नाही. मी वाईट आई आहे का?"

ती वाईट आई नव्हती, आजारी होती. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून रडू येणं, मन हळवं होणं हे खूप जणींना होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. पण त्याहून जास्त दिवस उदास वाटत असेल, कशातच रस नसेल, बाळ झोपलं तरी झोप येत नसेल, सतत अपराधी वाटत असेल, तर ते प्रसूतीनंतरचं नैराश्य असू शकतं. ते ओळखायला १० प्रश्नांची एक साधी प्रश्नावली आहे, ती भरायला पाच मिनिटं लागतात. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार आले तर मात्र एक दिवसही थांबू नका. घरात सांगा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. सरकारचा टेली-मानस हा १४४१६ क्रमांक चोवीस तास मोफत चालतो. उपचार आहेत, अंगावर पाजताना घेता येतील अशी औषधंही आहेत. कोणतं द्यायचं ते डॉक्टर ठरवतील.

लिहिणाऱ्या बाईला तिचं दुखणं आधी लिहिण्यात जाणवतं. गाणारीला गाण्यात, शिवणारीला शिवणात. 'सुचत नाही', 'करावंसं वाटत नाही' हे ती बोलते, आणि आपण 'आता बाळाकडे बघ, ती कसली कविता' म्हणून तिला गप्प करतो. मीही त्या दिवशी जवळजवळ तेच करणार होते.

म्हणून तीन गोष्टी सांगते. पहिली, झोप कापून लिहू नका. विशेषतः तुमच्या कामात दुसऱ्याचा जीव किंवा पैसा तुमच्या हातात असेल तर अजिबात नको. दुसरी, वेळ घरात मोठ्याने मागा, वार आणि तास सांगून मागा. घरी मागण्यासारखं कुणी नसेल तर ओळ फोनवर बोलून ठेवा, किराणाच्या यादीखाली लिहा. पान भरलंच पाहिजे असं नाही. तिसरी, झोप झाली, वेळही मिळाला, आणि तरी दोन आठवडे कशातच मन लागत नसेल, तर आळशीपणा समजून स्वतःला रागावू नका. डॉक्टरांना सांगा.

आणि घरच्यांनो, तुमच्या सुनेला, बायकोला, आईला एकदा विचारून बघा, तिचं काय राहून गेलंय ते.

ती मुलगी आमच्या गावातल्या मानसोपचारतज्ज्ञांकडे गेली, उपचार घेतले. दिवाळीनंतर भेटायला आली तेव्हा बाळ कडेवर होतं आणि तिचं लक्ष सारखं त्याच्याकडे होतं. मी कवितेचं मुद्दाम विचारलं नाही. तीच म्हणाली, "परवा एक ओळ सुचली मॅडम. लिहायला वही नव्हती, विसरले. पण सुचली."

तर वेळ कधी मिळतो? मिळत नाही. मागून घेते. आणि आता सात वाजलेत.